बंदरावरची घार आणि सड्यावरची टिटवी

रत्नदुर्गाच्या पायथ्याशी असलेले मिरकरवाडा हे रत्नागिरी जिल्ह्यातले मोठे मासेमारी बंदर आहे. ट्रॉलर आणि पर्ससीन नौका धक्क्याला लागल्या की मासळीची निवड, बर्फ भरणे, लिलाव आणि वाहतूक यांच्या घाईत जी मासळी फुटते, नासते किंवा कोणाच्याच कामाची नसते, ती पाण्यात, जेट्टीवर आणि आसपासच्या मोकळ्या जागेत पडून राहते. या टाकाऊ मासळीवर घारी, ब्राह्मणी घारी, कावळे, बगळे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे कुरव पोसले जातात, तर जमिनीवर भटकी कुत्री आणि मांजरे. पक्ष्यांचे हे थवे पाहून बंदराला पक्षिवैभव लाभले आहे असे कोणालाही वाटेल. परंतु घार, कावळा, कुत्रा आणि मांजर हे चौघेही इतर पक्ष्यांची अंडी किंवा पिल्ले खाणारे आहेत, आणि रत्नागिरीच्या आसपास पसरलेल्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर टिटव्या, चंडोल आणि रातवे उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. दुर्मीळ होत चाललेले पक्षी वाचवायचे असतील तर त्यांना खाणारे प्राणी कमी करावेत, की त्यांची राहण्याची जागा राखावी, हा पक्षिसंवर्धनातला जुना वाद कोकणच्या या टापूत अशा रीतीने अगदी जवळून तपासता येतो.

वादाच्या मुळाशी एक साधा दिसणारा पण अवघड प्रश्न आहे: भक्षकाने मारलेला पक्षी, भक्षक नसता तर जगलाच असता का? अमेरिकेच्या आयोवा राज्यात प्राण्यांच्या संख्येचा दीर्घकाळ अभ्यास करणारे पॉल एरिंग्टन यांनी १९४०च्या दशकात असे मांडले की कोणत्याही जागेत अन्न आणि आसरा यांच्या मानाने ठरावीक प्राणीच तगू शकतात. त्याहून जास्त जन्मलेले प्राणी भुकेने, थंडीने, रोगाने किंवा शिकाऱ्याच्या तोंडी, कसे ना कसे मरणारच असतात. असे असेल तर भक्षक मारून काही साधत नाही, कारण वाचलेले जीव पुढे दुसऱ्या कारणाने जातात. या प्रकाराला ‘भरपाई होणारा मृत्यू’ म्हणता येईल. याच्या उलट, जागा आणि अन्न मुबलक असूनही भक्षकांमुळेच संख्या वाढत नसेल, तर प्रत्येक शिकार ही एकूण मृत्यूंत खरोखरची भर असते, आणि तेथे भक्षकांना आवरल्याचा लाभ ताबडतोब दिसतो. अधिवासाच्या बाजूने बोलणारे पहिली स्थिती गृहीत धरतात, भक्षकनियंत्रणाच्या बाजूने बोलणारे दुसरी. खरे तर कोणत्या ठिकाणी कोणती स्थिती आहे हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि पुष्कळशी कटुता हे मोजमाप न करता वाद घातल्यामुळे आलेली आहे.

भक्षकनियंत्रणाचा सर्वांत भक्कम पुरावा बेटांवरून येतो. पॅसिफिक महासागरातल्या ग्वाम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजांतून तपकिरी वृक्षसर्प पोहोचला आणि काही दशकांत त्या बेटावरच्या १२ स्थानिक वनपक्ष्यांपैकी १० तेथून नाहीसे झाले. जंगल उभे होते, फळे होती, कीटक होते, केवळ पक्षी नव्हते. इंग्लंडच्या ब्रिस्टल खाडीतल्या लंडी बेटावरून २००२ ते २००४ या काळात उंदीर पूर्णपणे हटवण्यात आले, तेव्हा तेथे मँक्स शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याच्या सुमारे ३०० जोड्या उरल्या होत्या. २०१७पर्यंत त्या साडेपाच हजारांच्या आसपास गेल्या. जी बेटे लाखो वर्षे सस्तन भक्षकांवाचून राहिली, तेथल्या पक्ष्यांना उंदीर, मांजर किंवा मुंगूस यांच्यापासून बचाव करण्याची सवयच जडलेली नसते, आणि बेट चहूबाजूंनी पाण्याने वेढलेले असल्यामुळे एकदा हटवलेला भक्षक सहजासहजी परतत नाही. न्यूझीलंडने २०१६मध्ये उंदीर, पॉसम आणि विझल कुळातले प्राणी २०५०पर्यंत देशातून घालवण्याचे जे ध्येय जाहीर केले, त्यामागे बेटांवरच्या अशाच अनुभवांची साखळी आहे.

तरीही बेटावरसुद्धा भक्षक काढणे म्हणजे एक सुटा दगड उचलून बाजूला ठेवणे नव्हे, हे ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वारी बेटाने दाखवून दिले. तेथली मांजरे २०००पर्यंत संपवण्यात आली. परंतु मांजरे समुद्रपक्ष्यांबरोबर सशांनाही खात होती, आणि सशांना आवरण्यासाठी सोडलेला विषाणूही तोवर फिका पडत चालला होता. सशांची संख्या इतकी वाढली की बेटाच्या उतारांवरची वनस्पती कुरतडली गेली, माती उघडी पडली आणि ज्या पक्ष्यांसाठी हा खटाटोप होता त्यांचीच घरटी धोक्यात आली. पुढे ससे, उंदीर आणि चिचुंद्र्यांएवढे लहान घरउंदीर या सर्वांविरुद्ध एकत्रित मोहीम काढावी लागली आणि २०१४मध्ये बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचे जाहीर झाले.

मुख्य भूमीवर निकाल इतका सरळ लागत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या ऑटरबर्नच्या माळरानावर २००० ते २००८ या काळात झालेल्या प्रयोगात काही पट्ट्यांत कोल्हे, कावळे आणि विझल कुळातले प्राणी मारण्यात आले व काहींत तसेच ठेवण्यात आले. पुढे हे पट्टे आपसांत बदलण्यात आले. ज्या पट्ट्यात भक्षक कमी केले तेथे टिटवी, कुरलव आणि सोन चिखल्या यांसारख्या जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची पिल्ले जगण्याचे प्रमाण सरासरी तिपटीच्या आसपास गेले. हा आकडा दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण हे काम दरवर्षी, पगारी माणसे ठेवून चालू ठेवावे लागते, कारण मोकळ्या झालेल्या जागी शेजारचे कोल्हे आणि कावळे येऊन बसतात.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या कर्टलंड वटवट्याची गोष्ट याहून बोलकी आहे, कारण तेथे दोन्ही उपाय एकाच पक्ष्यावर करून झाले. गाणाऱ्या नरांची मोजणी करून या पक्ष्याची संख्या ठरवतात. १९६१मध्ये ५०० असलेले नर १९७१मध्ये २०१वर आले, तेव्हा त्याच्या घरट्यात आपली अंडी घालणाऱ्या काउबर्ड नावाच्या पक्ष्याला दोषी ठरवून १९७२पासून सापळे लावण्यात आले. काउबर्ड हा भक्षक नव्हे, कोकिळेसारखा घरट्याचा परजीवी आहे. पण वाद तोच. सापळ्यांमुळे घसरण थांबली, मात्र पुढची पंधरा वर्षे संख्या जागची हलली नाही आणि १९८७मध्ये तर १६७ नर मोजले गेले. या पक्ष्याला पाच ते वीस वर्षे वयाच्या, खाली फांद्या असलेल्या जॅक पाइनच्या झाडोऱ्यातच घरटे करता येते, आणि वणवे विझवण्याच्या धोरणामुळे असा तरुण झाडोरा दुर्मीळ झाला होता. १९८०मध्ये मॅक लेक परिसरात हाताबाहेर गेलेल्या आगीने सुमारे २४,००० एकर जंगल जळाले. तेथे उगवलेला नवा झाडोरा योग्य वयाला आल्यावर पक्ष्यांची संख्या वाढू लागली, पुढे तशी लागवड ठरवून करण्यात आली आणि २०१९मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीतून निघाला. शेवटच्या टप्प्यात सापळे थांबवल्यावरही काउबर्डचा उपद्रव फारसा परतला नाही. सापळ्यांनी वेळ मिळवून दिला, जागेने पक्षी वाढवला, असा या साऱ्याचा अर्थ निघतो.

कोकणात हा वाद आणताना पहिली अडचण येते ती भक्षक कोणाला म्हणायचे याची. घरकावळा हा आपल्याकडचा मूळचा पक्षी. पितृपक्षात त्याची वाट पाहिली जाते आणि पिंडाला कावळा शिवला नाही तर घर अस्वस्थ होते. हाच कावळा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांझिबारला नेण्यात आला तो तेथला कचरा साफ करावा म्हणून. तेथून तो आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पसरला, स्थानिक पक्ष्यांची घरटी लुटू लागला आणि केनियाच्या सरकारने २०२४मध्ये दहा लाख कावळे मारण्याचा संकल्प जाहीर केला. मोंबासाच्या बंदरातला आणि मिरकरवाड्याच्या बंदरातला कावळा एकाच जातीचे आहेत. पण पहिला परका आक्रमक आहे, दुसरा येथल्या निसर्गाचा जुना घटक आहे, आणि म्हणून पहिल्याला लावलेला उपाय दुसऱ्याला जसाच्या तसा लावता येत नाही. भारतातही वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत कावळा उपद्रवी म्हणून नोंदलेला होता. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. घार आणि ब्राह्मणी घार तर कायद्याने संरक्षित आहेत, आणि बंदरावर विषारी आमिष ठेवणे कितीही सोपे वाटले तरी त्या विषाला पहिले बळी पडतील त्यांत किनाऱ्यावर मेलेले मासे उचलणारा समुद्री गरुडही असेल.

कुत्रा मात्र वेगळ्या वर्गात मोडतो, कारण तो वन्यजीव नाही आणि त्याची संख्या जंगलातल्या शिकारीवर अवलंबून नाही. भटक्या कुत्र्यांनी वन्यप्राण्यांवर केलेल्या हल्ल्यांची देशभरातून माहिती गोळा करणाऱ्या, २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ८० जातींची नोंद झाली आणि त्यांतल्या ३१ जाती जागतिक पातळीवर संकटग्रस्त ठरलेल्या होत्या. महाराष्ट्रातला सर्वांत परिचित माळढोक परिसर म्हणजे सोलापूरजवळचे नान्नज. तेथे अबी तमीम वनक यांनी केलेल्या अभ्यासात असे दिसले की कुत्र्यांच्या नुसत्या वासाने आणि वावरानेही खोकड आपले अन्न सोडून दूर राहते. म्हणजे कुत्रा जेवढे मारतो त्याहून अधिक परिणाम त्याच्या असण्याने होतो. दुसरीकडे, श्वान जन्मनियंत्रणाचे २००१चे आणि त्यांची जागा घेणारे २०२३चे नियम कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडण्यास सांगतात. बंदरावर अन्न मुबलक असताना निर्बीजीकरणाचा परिणाम मंद राहतो, कारण बाहेरून नवी कुत्री येत राहतात. गिधाडांच्या बाबतीत देशाने हे एकदा पाहिले आहे: जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाने गिधाडे संपत गेली, २००६मध्ये त्या औषधाच्या जनावरांसाठीच्या वापरावर बंदी आली, पण तोवर उघड्यावर पडलेल्या मढ्यांवर कुत्र्यांची संख्या वाढून बसली होती.

याच ठिकाणी वादाची दोन टोके एकमेकांना मिळतात. पर्यावरणशास्त्रात ‘अनुदानित भक्षक’ अशी एक कल्पना आहे: ज्या भक्षकाचे पोट माणसाच्या टाकाऊ अन्नावर भरते, त्याची संख्या त्याच्या नैसर्गिक सावजाच्या संख्येशी बांधलेली राहत नाही. एरवी टिटव्या कमी झाल्या की टिटव्यांवर जगणारा भक्षकही कमी होतो. अनुदानित भक्षक कमी होत नाही, आणि म्हणून शेवटचे घरटेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. दिल्लीत घारींची संख्या जगातल्या कोणत्याही शहराला मागे टाकील इतकी दाट आहे आणि तिचा संबंध कचरा व माणसांनी घातलेले मांस यांच्याशी असल्याचे तेथल्या संशोधनातून दिसले आहे. मिरकरवाड्यात हेच काम मासळी करते. मासळीचा कचरा हा एकाच वेळी अधिवासाचा प्रश्न आहे आणि भक्षकांचाही. तो बंदिस्त पिंपांत गोळा करून खत किंवा फिशमीलकडे नेणे हे कोणत्याही सापळ्याहून, कोणत्याही विषाहून परिणामकारक भक्षकनियंत्रण ठरेल, आणि त्यात एकही प्राणी मारावा लागणार नाही. बंदरावर राबणाऱ्या खलाशांना आणि मासळी निवडणाऱ्या बायकांनाही स्वच्छ जेट्टीचा लाभ मिळेल हे वेगळे सांगायला नको.

यात सावधगिरीची एक गोष्ट आहे आणि ती युरोपातून कळते. शेटलंड बेटांवर ग्रेट स्कुआ हा दांडगा समुद्रपक्षी ट्रॉलरवरून फेकलेल्या मासळीवर पोसला गेला होता. फेकलेली मासळी आणि समुद्रातले लहान मासे दोन्ही कमी झाले तेव्हा तो इतर समुद्रपक्ष्यांवर तुटून पडल्याचे २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. फुगलेली संख्या आणि अचानक आटलेले अन्न ही जोडी धोक्याची आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक मासेमारीची बंदी असते, म्हणजे बंदरावरचा हा पुरवठा दरवर्षी एकदा आपोआप बंद पडतो, आणि टिटवीचा विणीचा काळ मार्च ते ऑगस्ट असा असल्यामुळे तिची उशिराची घरटी आणि पिल्ले याच दोन महिन्यांत उघड्यावर असतात. म्हणून मासळीचा कचरा आटवायचा तो हंगाम सुरू असताना, टप्प्याटप्प्याने, आणि कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाला जोडूनच. पावसाळ्याच्या तोंडावर एकाएकी नव्हे.

मात्र कचरा आवरला, कुत्री आवरली, तरी घरटे करायला जागाच नसेल तर सारे व्यर्थ आहे, आणि रत्नागिरीत ही जागा म्हणजे सडा. जांभ्याचे हे सपाट कातळ उन्हाळ्यात काळे व ओसाड दिसतात, पावसाळ्यात त्यांच्यावर पाण्याची तळी, गवत आणि इतरत्र न आढळणाऱ्या लहान वनस्पतींचे ताटवे उभे राहतात. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या परिसंस्थेचे महत्त्व वर्षानुवर्षे मांडले आहे. तरीही सरकारी कागदांत सड्याची ओळख पडीक जमीन अशीच राहिली. त्यामुळे चिऱ्याची खाण काढणे, सुरुंग लावून खड्डे पाडणे, बाहेरून माती आणून हापूसच्या बागा उठवणे किंवा भूखंड पाडणे यांत काही बिघडते असे कोणाला वाटत नाही. शेतकऱ्याला यात दोष देणे अन्यायाचे होईल, कारण कातळाची किंमत त्याला बाग किंवा खाण याच रूपात मिळू शकते. नान्नजच्या माळावरही हेच घडले: गवताळ माळाला रिकामी जागा समजून तेथे झाडे लावणे, विजेच्या तारा ओढणे, शेती पसरवणे या साऱ्यांत माळढोकाचे घर गेले, आणि १९७९मध्ये अभयारण्य जाहीर होऊनही तो पक्षी तेथून जवळजवळ नाहीसा झाला. ज्या पक्ष्याची मादी एका वेळी बहुधा एकच अंडे घालते त्याला कुत्र्याने पळवलेले एक अंडेही परवडत नाही. पण त्याची संख्या इतकी घटली ती आधी माळ गेल्यामुळे.

अधिवास तुटण्याचा भक्षणाशीही थेट संबंध आहे, आणि हा मुद्दा दोन्ही पक्ष पुरेसा लक्षात घेत नाहीत. सलग सड्याच्या मधोमध असलेले टिटवीचे घरटे शोधायला कावळ्याला उंच बसायची जागा नसते. तेथे कलमांची रांग, कुंपणाचे खांब, खाणीचा ढिगारा किंवा विजेचा खांब आला की टेहळणीची जागा तयार होते, आणि रखवालदाराच्या झोपडीबरोबर कुत्राही येतो. तुकडे जितके लहान, तितका कडांचा भाग जास्त आणि तितकी घरटी सापडण्याची शक्यता जास्त. रत्नागिरीत आणखी एक आधार उपलब्ध आहे: उक्षी, कशेळी आणि इतर ठिकाणच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. शिल्पाभोवतीच्या चार हात जागेऐवजी सभोवतीचा कातळही राखला गेला, तर इतिहासाच्या निमित्ताने टिटवी आणि चंडोल यांनाही संरक्षण मिळेल.

भक्षकाला न मारता दूर ठेवण्याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे, जरी ते पक्ष्यांचे नाही. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२पासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचे काम सुरू केले. तेथे अंड्यांवर कोल्हे, कुत्री आणि माणसे अशा तिघांचाही डोळा असे. गावकऱ्यांना सोबत घेऊन अंडी जाळीच्या कुंपणात हलवण्यात आली आणि बाहेर आलेली पिल्ले समुद्रात सोडण्यात आली. कोल्ह्याशी वैर न धरता त्याला हवे ते त्याच्या आवाक्याबाहेर ठेवले गेले. टिटवीची पिल्ले अंड्यातून निघताच चालू लागतात, त्यामुळे तिच्यासाठी कुंपण फारसे उपयोगी नाही. पण बेटांवरच्या वसाहतींना हा विचार नक्की लागू पडतो. वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातल्या वेंगुर्ला रॉक्सवर सुरय पक्षी मोठ्या संख्येने घरटी करतात, तर तेथल्या गुहांत लाळेची घरटी बांधणाऱ्या भारतीय पाकोळीची वसाहत आहे. या पाकोळीचा मोठा शत्रू ठरला तो घरटी चोरून विकणारा माणूस, आणि त्याला आवरण्यासाठी याच संस्थेने पुढाकार घेतला. अशा बेटावर एखाद्या नौकेतून उंदीर उतरला तर लंडीसारखी मोहीम काढण्यात वर्षे आणि कोट्यवधी रुपये जातील. सामान उतरवण्याआधी ते तपासण्याचा नियम पाळायला मात्र जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

समुद्री गरुडाचे उदाहरण घेतले तर भक्षकनियंत्रणाची भाषा किती जपून वापरावी लागते हे दिसते, कारण तो स्वतः मासे, समुद्री साप आणि प्रसंगी पक्षीही खाणारा भक्षक आहे, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर त्याला राखण्यासाठीच माणसे झटत आली आहेत. त्याला लागतात ती किनाऱ्याजवळची जुनी, उंच झाडे, मग ती आंब्याची असोत वा सुरूची. एकच घरटे तो वर्षानुवर्षे डागडुजी करून वापरतो, म्हणून असे एक झाड तुटले की एका जोडीचे अनेक वर्षांचे घर जाते. येथे भक्षक कमी करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, झाडाचा मालक राजी असणे एवढेच लागते.

रत्नागिरीपुरते पाहिले तर कामाचा क्रम यातून बराचसा ठरतो. बंदराच्या जवळचा एक आणि दूरचा एक असे दोन सडे निवडून टिटवीची घरटी मार्चपासून ऑगस्टपर्यंत मोजली, प्रत्येक घरट्यातून किती पिल्ले निघाली आणि किती अंडी कोणी नेली याची नोंद कॅमेऱ्याने ठेवली, आणि त्याच वेळी जेट्टीवरच्या घारी, कावळे व कुत्री दर आठवड्याला मोजली, तर बंदीच्या दोन महिन्यांत काय बदलते हे आकड्यांत दिसेल. शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालय यांच्यासारख्या संस्था बंदराच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांच्या विद्यार्थ्यांना हे काम दोन वर्षांत पुरे करता येण्याजोगे आहे. दोन्ही सड्यांवर सारखीच घरटी लुटली गेली तर बंदराला दोष देण्यात अर्थ राहणार नाही आणि सारा पैसा सडा सलग राखण्यावर लावावा लागेल. जवळच्या सड्यावर नासाडी स्पष्टपणे जास्त निघाली तर मत्स्यव्यवसाय विभाग, नगर परिषद आणि मच्छीमार सोसायट्या यांना पहिला खर्च मासळीच्या कचऱ्यासाठी झाकणबंद पिंपे, ती रोज उचलणारी गाडी आणि कुत्र्यांचे निर्बीजीकरण यांवर करावा लागेल.